कारण विचारायचं नाही

त्या वर्षी मी फार हुशार होते. तेवढी हुशार मी पुढे कधीच झाले नाही, ही देवाची कृपा. अकरावीत होते, दोन वेण्या होत्या, त्यांना लाल रिबिनी होत्या, आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे सात मिनिटांत बसवलेलं तयार असे, कारण वादविवाद स्पर्धेत सातच मिनिटं मिळत. आता नात विचारते, "आजी, ढग कशावर बसतात गं?" तर मी दोन दिवस विचार करते आणि तिसऱ्या दिवशी तिला लाडू देते.

ही हुशार मुलगी सुरतेच्या डिंडोलीत एका चाळीतल्या खोलीत राहायची. खोली एक आणि माणसं सहा. आबा, म्हणजे माझे वडील, माय, आबांचा धाकटा भाऊ दगडूकाका, त्याची बायको उषाकाकू, त्यांची सहा वर्षांची पिंकी, आणि अस्मादिक. एवढी माणसं मावत कशी, असं माझ्या सुनेला वाटतं, तिला तीन खोल्या पुरत नाहीत. मावत होती ती लूमच्या, म्हणजे कापड विणायच्या मागाच्या, कृपेने. आबा आणि काका एकाच कारखान्यात, त्याच आठ लूमांवर आलटून पालटून उभे राहत. एक सकाळी सातला जाई, दुसरा संध्याकाळी सातला जाऊन त्याला सोडवी, आणि आठवड्याने पाळ्या बदलत. त्यामुळे घरात भाऊ दोन असले तरी खाट एकच होती आणि ती कधी गार पडत नसे. चाळीतले लोक म्हणत, काय भावाभावांचं प्रेम आहे! प्रेम होतंच. पण दोघं एकमेकांना भेटायचे ते पाळी बदलताना पाच मिनिटं, तेही आठ लूमांच्या खडखडाटात, तर भांडणार कधी? उषाकाकूला पिंकी कशी झाली, हे त्या खोलीतलं मोठंच आश्चर्य होतं. मला तेव्हा ते सुचलं नाही. आता सुचतं आणि हसू येतं, आणि थोड्या वेळाने ते हसू जिरून जातं.

कारखान्यात बोललेलं ऐकू येत नसे म्हणून सगळा कारभार हाताच्या खुणांनी चाले. बोटं तोंडाशी नेली की जेवलास का. दोन बोटं जुळवून झटक्यात अलग केली की धागा तुटलाय, लूम थांबवलाय. अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरवलं की गाठ मार, चालू कर. हे दोघं भाऊ घरीसुद्धा त्याच खुणा करत, कारण आबांना कमी ऐकू यायला लागलं होतं आणि ते स्वतः मात्र चार घरांना ऐकू जाईल असं बोलत. या मोठ्या आवाजाच्या घरात एक नियम मात्र दगडावरच्या रेघेसारखा होता: रातपाळीवरून आलेल्या माणसाला उठवायचं नाही. पाहुणा येवो, पोस्टमन येवो, भांडं पडो, खाटेवरच्याला उठवायचं नाही. आम्ही सगळ्या दिवसभर कुजबुजत स्वयंपाक करायचो. पिंकी तर त्यातच जन्मली. आबांनी तिला कारखान्यातून एक तुटका धोटा आणून दिला होता. धोटा म्हणजे लूममध्ये धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो होडीसारखा लाकडाचा तुकडा. पिंकीने त्याचा पाळणा केला होता आणि त्यात धाग्याची रिकामी कांडी चिंधीत गुंडाळून निजवलेली असे. कांडीचं नाव सोनी. ती सोनी कायम झोपलेलीच. "हळू बोल ना दीदी," पिंकी मला दटावायची, "सोनीची रातपाळी आहे." पाळणा खाटेखाली अगदी भिंतीशी ठेवलेला असायचा, कारण मायच्या हाती लागला असता तर चुलीत गेला असता.

घर मायचं होतं. आम्ही घरात अहिराणी बोलायचो, पण ती सगळी इथे लिहिली तर नातीला कळायची नाही, म्हणून मी सोपी करून सांगते. तिखटाचा चमचा मायच्या हातात, मिठाचा मायच्या हातात. कळण्याची भाकरी, ठेचा, शेवभाजी, आणि कारखान्याच्या सुट्टीच्या वारी वरण-बट्टी. त्या वारी आमच्या भागातली वीज बंद असे, लूम गप्प असत, आणि आठवड्यातून तेवढाच एक दिवस दोघं भाऊ एका पंगतीला बसत. माय म्हणायची, वरण असं हवं की नाकातून पाणी आलं पाहिजे. उषाकाकूच्या नाकातून यायचंच, पण ते दुसऱ्या कारणाने. ती बारडोलीची. तिचा बाप ऊसतोडीला म्हणून आला आणि तिथेच राहिला, त्यामुळे तिचं तोंड लहानपणापासून गूळ घातलेल्या डाळीचं. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात तिने विचारलं होतं, "बाई, वरणात गुळाचा खडा टाकू का?" माय म्हणाली, "वरणमा गूय? आपुन काय गुजराथी शेतस का?" आणि ती गोष्ट संपली. आमच्याकडे गोष्टी अशा संपत. त्या मेल्या की जिवंत आहेत, हे कुणी वाकून बघत नसे.

मग प्लेग आला. अख्खं सुरत पळालं, तसे आम्हीही भुसावळच्या गाडीने गावाला पळालो. पण कारखान्याच्या शेठला राखणीला माणूस हवा होता, म्हणून दगडूकाका राहिला, आणि त्याला भाकरी कोण करील म्हणून काकू राहिली. पिंकीला आम्ही नेलं. ती गावाला तीन आठवडे माझ्या कुशीत झोपली आणि तिथून जी मला चिकटली ती परत आल्यावरही सुटली नाही. आम्ही परत आलो तेव्हा शहर धुऊन काढलेलं होतं, रस्त्यांवर पांढरी पावडर होती, आणि आमच्या खोलीत उषाकाकू दोन वेण्या घालून बसली होती. लग्न झालेली बाई, दोन वेण्या! गालांवर रंग आलेला. माय म्हणाली, "प्लेगात माणसं सुकतात, ही फुगली." काकूने त्याच संध्याकाळी वेण्या सोडल्या आणि अंबाडा घातला. मी हे सगळं पाहिलं, आणि हुशार असल्यामुळे मला त्यातलं काहीच कळलं नाही.

पुढच्या वर्षीच्या गणपतीत शहरातल्या एका मराठी मंडळाची वादविवाद स्पर्धा होती. विषय आला: राज्यांना देशातून फुटून निघण्याचा हक्क असावा. रशिया फुटून काही वर्षं झाली होती, तरी आमच्या शाळेतला नकाशा जुनाच होता. भूगोलाच्या सरांनी त्यावर निळ्या शाईने रेघा मारून पंधरा तुकडे केले होते, आणि शाई पसरल्यामुळे दोन देश एकमेकांत सांडले होते. काश्मीर, पंजाब, आसाम रोज पेपरात असायचे. मला विरुद्ध बाजू हवी होती. "देश ही आई आहे, आईचे तुकडे करता?" एवढं म्हटलं की टाळी हमखास. पण सरांच्या डब्यातून माझी चिठ्ठी निघाली 'बाजूने'. मी मुतारीच्या मागे जाऊन रडले. घरी येईपर्यंत मात्र मला पहिलं वाक्य सुचलं होतं आणि मग मी रडणं विसरले. "ज्या घरातून जाता येत नाही, ते घर नव्हे, ती कोठडी!" या वाक्यावर मी इतकी खूश झाले की माझं मत त्या क्षणी बदललं. माणसांची मतं कशी बनतात याबद्दल मला पुढे कधीच फार आदर वाटला नाही, त्याचं मूळ इथे आहे.

आबांची त्या आठवड्यात दिवसपाळी होती. संध्याकाळी ते चहा पीत असताना मी ओट्यावर उभी राहून हात नाचवत होते. आबांनी विचारलं, "कोण फुटतंय?"

"राज्य, आबा."

"कुठलं?"

"कुठलंही. फुटायचा हक्क असावा का, असा विषय आहे."

आबांनी बशी खाली ठेवली. "मग असं सांग मला. उद्या हे गुजरात वेगळं निघालं, तर आपण कुठले? धुळ्याचे का डिंडोलीचे? सोयरिकीला गावाला जायचं तर पासपोर्ट लागंल का? आणि शेठ म्हणाला, तुम्ही त्या देशाचे, तुमच्या देशात जा, तर हे आठ लूम कुणी चालवायचे?"

"आबा, ते तपशील आहेत," मी म्हणाले.

तपशील! त्या पोरीच्या दोन्ही वेण्या धरून तिला गरागरा फिरवावं असं आता वाटतं. सगळा जन्म तपशिलातच गेला. पण तिच्याजवळ विषय होता आणि सात मिनिटं होती.

माझं भाषण ऐकायला त्या दिवसांत एकच माणूस खरं बसायचं, ते म्हणजे उषाकाकू. ती मेथी निवडायची आणि ऐकायची. मला वाटायचं, काय हिची ज्ञानाची भूक! मी म्हणायचे, "आणि जाणाऱ्याला कारण विचारू नका! कारण विचारणाऱ्याने दाराची कडी आधीच धरून ठेवलेली असते!" काकूचा हात थांबायचा.

"म्हणजे कारण सांगावंच लागत नाही?"

"मुळीच नाही. कारण सांगावं लागलं तर तो हक्क कसला? ती विनंती झाली."

"बरं." दोन काड्या निवडून झाल्यावर, "आणि जायचं तर घरातलं, म्हणजे देशातलं, काही नेता येतं का?"

"आपल्या वाट्याचं नेता येतं."

"आणि पोरंबाळं? समजा, राज्यातल्या कुणाचा जीव मागे अडकलाय, त्याला नाही जायचं, तर?"

यावर मी काय बोलले ते मला शब्द न् शब्द आठवतं, दुर्दैवाने. मी म्हणाले, "काकू, राज्य जातं तेव्हा राज्यातले सगळे जातात." पिंकी तेव्हा माझ्या मांडीला टेकून सोनीला थोपटत होती.

स्पर्धेच्या संध्याकाळी काकू पिंकीला घेऊन हॉलवर आली. घरातलं आणखी कुणी आलं नाही. काकू एकटी एवढ्या लांब शहरात कधी आली नव्हती, आणि मला वाटलं माझ्यासाठी आली. मी बोलले ते छान बोलले असणार, कारण लूमच्या शेजारी वाढलेल्या माणसाचा आवाज माईकशिवाय शेवटच्या खुर्चीपर्यंत जातो. शेवटी परीक्षकांतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी चष्मा काढून विचारलं, "मुली, तुझं राज्य निघालं. पण त्यातला एक जिल्हा म्हणतो, मला नाही जायचं. त्याने काय करावं?"

"जिल्ह्याने राज्याचं ऐकावं," मी ताडकन म्हणाले.

"मग राज्याने देशाचं का ऐकू नये?"

हॉल हसला. मी "कुठेतरी थांबावंच लागतं, बाई!" असं काहीतरी इतक्या जोरात ठणकावलं की लोकांना ते उत्तरच वाटलं. टाळ्या पडल्या. पहिलं बक्षीस मिळालं: स्टीलचा डबा, झाकणावर मंडळाचं नाव कोरलेला. त्या बाई मात्र टाळ्या वाजवत नव्हत्या. चष्मा पुसत होत्या. मागच्या रांगेत उषाकाकू उभी राहून टाळ्या वाजवत होती, पदर डोक्यावरून घसरला तरी.

दुसऱ्या दिवशी सुट्टीचा वार. वीज बंद, लूम बंद, दोघं भाऊ घरी. माय शेजारी कुणाच्या बारशाला गेली होती, म्हणून वरण काकूने केलं. सगळे पंगतीला बसले. आबांनी बट्टी चुरली, वरण घेतलं, पहिला घास घेतला आणि थांबले. मग दगडूकाकाने घास घेतला, पण तो थांबला नाही. त्याला ती चव प्लेगच्या दिवसांपासून ठाऊक होती, हे मला आज कळतं. माय बारशाहून आली, हात धुऊन बसली, तिने बोट बुडवून चाखलं आणि म्हणाली, "हाई काय शे?"

"गूळ," काकू म्हणाली.

आमच्याकडे धाकटी सून थोरल्या दिरासमोर बोलत नाही. काकू आबांसमोर सात वर्षं पदर ओढून, भिंतीकडे तोंड करून वावरली होती. त्या दिवशी ती आबांच्या समोर तोंड करून बसली आणि म्हणाली, "आम्ही वेगळं निघतो. शहराच्या त्या टोकाला, कतारगामला, ह्यांना लूमवर काम मिळतंय, वर खोली आहे."

माय म्हणाली, "कारण सांग."

"कारण सांगायचं नसतं, बाई. मंगलला विचारा. कारण सांगावं लागलं तर तो हक्क कसला?"

सगळे माझ्याकडे वळले. आणि मग त्या विजयी वक्त्याने काय केलं म्हणता? बाजू बदलली. आदल्या संध्याकाळी डबा घेतलेल्या तोंडाने मी म्हणाले, "काकू, तो विषय देशाचा होता. घराचं वेगळं असतं. एकी तुटली की..." आणि आईच्या तुकड्यांचं ते जुनं, टाळीवालं वाक्य मी तिथे वापरलं. मनात दुसरंच होतं: काकू गेली तर सकाळची भांडी, पाणी, भाकऱ्या माझ्यावर येणार, आणि पिंकी जाणार.

काकू हसली. "मग तो डबा परत देऊन ये," ती म्हणाली.

आबांनी दगडूकाकाकडे पाहून हनुवटी वर केली, तूही? काकाने दोन बोटं जुळवली आणि झटक्यात अलग केली. धागा तुटलाय. आबांनी अंगठा बोटावर फिरवला: गाठ मार. काकाने नाही म्हणून मान हलवली. लूम बंद असलेल्या त्या शांततेत दोन भावांचं एवढं बोलणं झालं, आणि मग आबांनी ते गोड वरण शेवटपर्यंत खाल्लं, कारण अन्न टाकायचं नाही, हाही आमच्याकडे एक नियम होता.

आता कुणी मला विचारलं, हक्क असावा का, तर मी म्हणेन, असावा. ज्या दाराला आतून कडी नाही त्याला दार म्हणू नये. मी तेव्हा बोलले ते अगदीच खोटं नव्हतं, फक्त फुकटात बोलले होते. पण आठवड्यातून एक दिवस, एकच दिवस, वरणात गुळाचा खडा पडला असता तर ती बाई गेली असती का? मला वाटतं, नसती. आणि कारण विचारायचं नाही, हे कुठल्या शहाणीने सांगितलं? हजारदा विचारावं. कडीला हात न लावता विचारावं. टीव्हीवर हल्ली कुठलं ना कुठलं राज्य, कुठला ना कुठला देश फुटायचं म्हणत असतो आणि दोन्हीकडचे लोक माझ्या अकरावीच्या आवाजात बोलतात. मी आवाज बंद करते आणि भाजी निवडते. तरणी होते तेव्हा मला दोन्ही बाजू पाठ होत्या. आता दोन्हींचा शीण येतो.

पुढच्या सुट्टीच्या वारी टेम्पो आला. त्यांच्या वाट्याचं सामान ते किती: दोन पेट्या, गाद्या, काकूच्या माहेरची भांडी. सगळं चढलं, काकू चढली, आणि पिंकी खाटेच्या पायाला मिठी मारून बसली. "मी नाही येत." काकाने उचलायला हात घातला तर तिने त्याच्या मनगटाला चावा घेतला. "मी नाही येत!" माय दारात उभी राहून काकूला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "पोरीला विचारलं का कुणी? तिला इथंच राहायचंय." काकूचा चेहरा टेम्पोत बसल्या बसल्या पांढरा पडला. सात वर्षांत पहिल्यांदा तिने काही मागितलं होतं, आणि तिची पोरच तिला नको म्हणत होती. ती मला म्हणाली, "मंगल, तूच सांग तिला. तुझं ऐकते."

मला माहीत होतं पिंकी का येत नाही. अर्थातच माझ्यासाठी. माझ्यावाचून तिला झोप येत नव्हती. परीक्षकबाईंचा जिल्हा तो हाच, एवढी अक्कल मला तेव्हाही आली. आणि मी काय केलं? मी म्हणाले नाही, की राहू दे तिला चार दिवस. विचारलंही नाही, की का गं? मी माझा बक्षिसाचा डबा आणला, त्यात दोन मूठ शेव भरली, आणि तिच्या हातात देऊन म्हणाले, "हा तुझा. आणि मी दर सुट्टीच्या वारी कतारगामला येणार. शपथ." ती डब्याकडे बघत राहिली, तेवढ्यात काकाने तिचे हात खाटेवरून सोडवले. टेम्पो गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत ती हात आमच्या दाराकडे करून रडत होती. मीही रडले. पण खरं सांगायचं तर रडताना मला थोडं बरंही वाटत होतं, की कुणालातरी आपण इतके हवे आहोत.

दर सुट्टीच्या वारी काही मी गेले नाही. त्या वर्षात दोनदा गेले. घरातलं काम अंगावर आलं, शाळा सुटत सुटत सुटली, आणि पुढे वर्षभरात लग्न ठरलं. पिंकीला तिथे गुजराती शाळेत घातलं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा ती दारातून "दीदी, केम छो?" म्हणाली आणि खेळायला पळाली. काकूने मला गोड वरण वाढलं. स्वयंपाकघर हाताएवढं होतं आणि त्यात ती राणीसारखी वावरत होती, दोन वेण्या घालून. त्याच सुमारास दिवाळीला इकडे डिंडोलीत खाट बाहेर काढून खोली झाडताना भिंतीशी तो धोटा सापडला, आत चिंधीत गुंडाळलेली कांडी. मी म्हटलं, हे राहूनच गेलं बघ. जड, चिवट लाकूड होतं ते. पहाटे अभ्यंगाच्या बंबात घातलं, चांगलं जळलं, आबांच्या अंघोळीपर्यंत पाणी कढत होतं. माय शेवटच्या आजारात होती तेव्हा काकू डबा घेऊन आली. मायने दोन चमचे वरण घेतलं आणि म्हणाली, "मीठ कमी शे." गुळाबद्दल काही बोलली नाही. एवढी तडजोड व्हायला किती वर्षं लागली ते मी मोजत नाही.

हे प्रकरण लिहायला घेतलं तेव्हा पिंकी माझ्याकडे चार दिवस राहायला आली होती. आता तीच दोन मुलांची आई, केसांत पहिली चांदी. मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते आणि ती माझ्यासमोर पाय पसरून बसली होती. मला वाटलं, आता विचारून टाकावं. इतकी वर्षं हे ओझं आहे, हलकं करावं. म्हटलं, "पिंके, त्या दिवशी मी तुला डबा देऊन पाठवलं, तुला माझा राग आला असेल. तुला माझ्यापाशी राहायचं होतं ना?"

ती हसायला लागली, काकूसारखीच. "तुझ्यापाशी? नाही गं दीदी! मला मम्मीबरोबर जायचंच होतं. टेम्पोत बसायची किती हौस होती मला."

"मग खाट का धरून बसली होतीस?"

"सोनी झोपली होती ना खाली," ती म्हणाली. "आत्ताच रातपाळीवरून आली होती ती. रातपाळीवाल्याला उठवायचं नसतं. ती उठली की घेऊन जाऊ, एवढंच माझं होतं. पण तुम्ही सगळे नुसते ओरडत होता. का येत नाहीस, असं एकानेही विचारलं नाही."

मी बटाट्याची साल काढत राहिले. बटाटा संपत आला तरी काढत राहिले.

"कुठे गेली असेल गं ती?" पिंकीने विचारलं.

"असेल तिथेच कुठेतरी," मी म्हणाले. "झोपू दे."